भोकं मोजून घेतलेला मदरबोर्ड

गेल्या दिवाळीनंतर मी नवीन मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याला जोडतात तो बोर्ड, घेतला आणि तेव्हापासून ओळखीतले निदान चार-पाच जण विचारून गेले की एडिटिंगसाठी कुठला बोर्ड घेऊ, आणि मी प्रत्येकाला उलट एकच विचारते, तुला लावायच्या वस्तू किती आहेत? मोजून सांग. त्यावर सगळे असे बघतात जसं काही मी आहेराची यादीच मागितलीय. पण खरंच, बोर्ड काही फास्ट-बिस्ट नसतो हो. रेंडर प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड करतं, तीस हजारांचा बोर्ड लावला म्हणून एक्स्पोर्ट निम्म्या वेळात होत नाही. बोर्ड म्हणजे भोकं. कुठली, किती, आणि एक भरलं की दुसरं गपचूप बंद तर होत नाही ना, बस. आणि हे शेवटचं जे आहे ना, ते शिकायला मला एक अख्खी रात्र रडावं लागलंय.

तर मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. भांडुपला, चाळीत, तळमजल्यावर, आतल्या खोलीत, जिथे एसी नाही. शूट मी करत नाही, दोन-तीन शूटर ठरलेले आहेत, ते डिस्क आणून देतात, तुळशीचं लग्न झालं की जे सुरू होतं ते थेट जूनपर्यंत मान वर करायला वेळ नसतो, मग गणपतीत मंडळांच्या आगमनाचे रील. पहिलं मशीन फेब्रुवारी २०२० मध्ये घेतलं, दादाच्या मित्राने असेंबल करून दिलं, प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी-४५० चा बोर्ड, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, आणि महिनाभरात लॉकडाऊन लागलं. म्हणजे मशीन नवं कोरं आणि लग्नंच बंद. असो.

ती रात्र २०२२ च्या मे महिन्यातली. काम वाढलं होतं म्हणून एक टीबीची नवी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी फास्ट डिस्क, आणली, ती बसते तो एम.२ चा दुसरा स्लॉट रिकामा होताच, छोटा स्क्रू लावला, मशीन चालू केलं. नवी एसएसडी लगेच दिसली. मी खूश. मग प्रोजेक्ट उघडलं तर सगळीकडे लाल, मीडिया ऑफलाईन. दिस पीसी मध्ये जाऊन बघितलं तर दोन्ही मोठ्या हार्ड डिस्क गायब. एक नाही, दोन्ही. एका डिस्कवर कल्याणच्या एका लग्नाचं पूर्ण फुटेज होतं आणि शूटरने कार्ड फॉरमॅट करून पुढच्या लग्नाला वापरलेली. रात्रीचे साडेबारा. मी केबल काढल्या, परत लावल्या, केबल बदलल्या, कान लावून बघितलं तर डिस्क फिरत होत्या, हाताला ती बारीक थरथर लागत होती, पण विंडोजला दिसेनात आणि बायोसलाही, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमलाही, दिसेनात. आई दोनदा उठून आली, दुसऱ्यांदा काही न बोलता चहा ठेवून गेली. शेवटी पहाटे कधीतरी त्या बोर्डाचं मॅन्युअल पीडीएफ उघडलं आणि तिथे, टेबलच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की एम.२ च्या दुसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली तर सॅटा ५ आणि सॅटा ६, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलची दोन पोर्ट, बंद होतील. असेंबल करणाऱ्याने माझ्या दोन्ही डिस्क बरोबर ५ आणि ६ वर लावलेल्या, कारण केबल तिथे पोचत होती.

केबल काढून १ आणि २ ला लावल्या. सगळं परत आलं.

म्हणजे बोर्ड खराब नव्हता, डिस्क खराब नव्हत्या, काहीच खराब नव्हतं. प्रोसेसर आणि चिपसेट नावाची बोर्डावरची मुख्य चिप मिळून ठरावीकच वाटा देतात, त्यांना पीसीआयई लेन म्हणतात, आणि कंपनीला खोक्यावर जास्त भोकं दाखवायची असतात म्हणून एकच वाट दोन भोकांना जोडून ठेवतात, एकाने घेतली की दुसरा उपाशी. आपल्या चाळीतला नळ तसाच आहे, खालच्याने मोठा सोडला की वरच्या मजल्यावर थेंब नाही. त्या रात्रीपासून मी बोर्डाची जाहिरात बघत नाही, मॅन्युअल बघते. प्रत्येक कंपनीच्या साईटवर फुकट असतं, विकत घ्यायच्या आधीच डाऊनलोड करता येतं, आणि त्यात फक्त दोन पानं वाचायची, एम.२ चं आणि सॅटाचं.

मग नवीन बोर्ड का लागला? तर कॅमेऱ्यांमुळे. आमच्या एका शूटरने सोनीचा नवा कॅमेरा घेतला आणि तो सगळं एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायच्या पद्धतीत, १०-बिट ४:२:२ वर शूट करायला लागला. त्याचं म्हणणं चूक नाही, रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट असते, हळदीचा पिवळा आणि शालूचा जांभळा एकाच फ्रेममध्ये असला की ग्रेडिंग करताना फरक कळतो. पण माझ्या टाईमलाईनची वाट लागली. प्ले दाबलं की चित्र अडकतंय, आवाज पुढे जातोय, मंगलाष्टकं संपली तरी अंतरपाट हातातच. कारण ही फाईल उलगडायला चिपमध्ये त्यासाठीचा खास भाग, हार्डवेअर डीकोडर, लागतो, माझ्या रायझनमध्ये मुळात इन-बिल्ट ग्राफिक्सच नाही आणि १६६० सुपर ४:२:० उलगडतं, ४:२:२ नाही. वर्षभर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या, बनवून काम केलं, म्हणजे रात्री लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं, डिस्क निम्मी प्रॉक्सीनेच भरलेली.

इथे पर्याय दोन होते. एनव्हिडियाची आरटीएक्स ५० सिरीज ४:२:२ उलगडते, पण ते कार्ड घ्यायचं तर माझं पूर्ण बजेट त्यातच जातंय. दुसरं म्हणजे इंटेल, त्यांच्या प्रोसेसरमधल्या इन-बिल्ट ग्राफिक्सला क्विक सिंक नावाचा असाच डीकोडर असतो आणि डेस्कटॉपला अकराव्या जनरेशनपासून ते एच.२६५ चं ४:२:२ आरामात उलगडतं. फक्त नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही, त्यात इन-बिल्ट ग्राफिक्स बंद असतं, दोन-तीन हजार वाचतात म्हणून लोक घेतात आणि एडिटिंगवाल्याने तेच नेमकं गमावलेलं असतं. मी आय५-१४५०० ठरवला, १४४०० पेक्षा थोडा महाग, पण त्यात यूएचडी ७७० ग्राफिक्स येतं ज्यात व्हिडिओचे दोन इंजिन असतात, १४४०० च्या ७३० मध्ये एकच.

दादा म्हणाला, अगं त्याचं एलजीए१७०० सॉकेट, प्रोसेसर बसायची जागा, आता मेलेलं आहे, चौदाव्या जनरेशननंतर त्यात काहीच येणार नाही, एएमडीचं एएम५ घे, एएमडी २०२७ पर्यंत आणि पुढेही त्याच सॉकेटवर प्रोसेसर देणार म्हणते. बरोबर आहे त्याचं. पण एएम५ ला फक्त डीडीआर५ रॅम चालते, इंटेलच्या नव्या एलजीए१८५१ लाही फक्त डीडीआर५, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की विचारू नका, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळा माल उचलला आणि आपण बसलोय टॅब रिफ्रेश करत. माझ्याकडे आठ-आठच्या चार काड्या, बत्तीस जीबी डीडीआर४ धडधाकट पडलेली. एलजीए१७०० हे असं सॉकेट आहे ज्याचे बोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही. बोर्ड सहसा कुठल्या तरी एकाच रॅमचा असतो, खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे दुसरी बसतच नाही, म्हणून नावात डी४ लिहिलंय का ते बघून घ्यायचं. मेलेलं तर मेलेलं सॉकेट. मी प्रोसेसर दर दोन वर्षांनी बदलणारी बाई नाही, पहिला पावणेसहा वर्षं चालवला.

मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे यादी केली. ग्राफिक्स कार्ड एक. एनव्हीएमई दोन, आणि कॅशेसाठी, म्हणजे एडिटिंगच्या तात्पुरत्या फायलींसाठी, पुढे तिसरी. सॅटाच्या हार्ड डिस्क तीन. रॅमच्या काड्या चार. यूएसबीला कीबोर्ड, माऊस, पेन टॅबलेट, ऑडिओ इंटरफेस, कार्ड रीडर, बॅकअपची डिस्क, शूटरची डिस्क आणि यूपीएसची वायर, झाले आठ. आई मागून बघत होती, म्हणाली, एवढी भोकं? आपल्या स्वयंपाकघरात दोन प्लग आहेत.

या यादीनेच निम्मे बोर्ड उडाले. एच-६१० चिपसेटचे सगळे, कारण रॅमला दोनच स्लॉट, म्हणजे माझी अर्धी रॅम कपाटात. बी-७६० मध्येही स्वस्तातल्या कितीतरी बोर्डांना रॅमचे दोनच आणि एम.२ ही दोनच. झेड-७९० ची गरज नाही, ते ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवणाऱ्यांसाठी, माझा प्रोसेसर त्या जातीचाच नाही. बी-७६० चिपसेट सॅटाची जास्तीत जास्त चार पोर्ट देतो, मला तीन हवीत, ठीक.

यूएसबीच्या नावांचा तर इतका गोंधळ करून ठेवलाय की कोणीतरी मुद्दाम केलाय असं वाटतं. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १, तिन्ही एकच, ५ जीबीपीएस. म्हणून नाव वाचायचंच नाही, आकडा वाचायचा, ५, १० की २०. कार्ड रीडरला ५ पुरे, कारण यूएचएस-२ चं एसडी कार्डच मुळात सेकंदाला ३१२ एमबीच्या वर जात नाही. १० वालं पोर्ट लागतं ते शूटर बाहेरची एसएसडी घेऊन येतो तेव्हा, आणि ते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हवं, मागे नाही, नाहीतर दर वेळी टेबलाखाली रांगा. पुढच्या टाईप-सी साठी बोर्डावर एक वेगळा छोटा सॉकेट असतो, त्याला हेडर म्हणतात, बऱ्याच बोर्डांना नसतोच. ते तपासा.

आणि आता उष्णता, जी मुंबईत सोडून चालणार नाही. सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला काळे चौकोनी तुकडे रांगेत असतात, त्याला व्हीआरएम म्हणतात, एसएमपीएसमधून, म्हणजे पॉवर सप्लायमधून, येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालतील एवढे, साधारण एक-सव्वा व्होल्टपर्यंत, ते उतरवतात. १४५०० खोक्यावर ६५ वॅटचा आहे पण टर्बोला, म्हणजे पूर्ण जोर लावला की, १५४ पर्यंत जातो. गेम खेळताना लोड वर-खाली होतो, पण आपण चाळीस मिनिटांचा एक्स्पोर्ट लावतो तेव्हा तो सलग असतो, त्यात मे महिना, खोलीत पस्तीस डिग्री, पत्र्याची झळ. व्हीआरएमवर नुसती उघडी चिप असेल तर ती तापते आणि प्रोसेसरला म्हणते हळू चाल. म्हणून धातूचा जाडजूड ठोकळा, हीटसिंक, बसवलेला बोर्डच घ्यायचा. यासाठी दोन हजार जास्त गेले तर जाऊ देत, लाईटवाल्या पट्ट्यांसाठी पाचशेही नको. गेमिंगची नावं, ड्रॅगन, तलवारी, वाय-फायचे शिंगासारखे अँटेना, यातलं मला काहीच नको होतं.

(कॅबिनेट आमच्याकडे जमिनीवर कधीच नसतो, लाकडी स्टुलावर. २६ जुलै २००५ ला घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हापासून आई विजेची कुठलीच वस्तू खाली ठेवू देत नाही, मिक्सरसुद्धा नाही.)

घ्यायला गेलो लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण ते नाव सांगून टॅक्सीवाल्याला विचारून बघा. दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडली, ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही, दादा सोबत, कारण परतताना खोकी. सकाळी लवकर गेलो तो मेरवान या इराणी बेकरीच्या मावा केकसाठी, ते उशीर केला की संपायचे. मला ऑनलाईन घ्यायचं नव्हतं, पुढे कळेल का.

काउंटरवरचा पोरगा मराठीच होता, सातारकडचा. बोललो मी, उत्तर दादाला.

"भाऊ, गेमिंगसाठी का?"

दादा म्हणाला, "मला नको विचारू, मला पेन ड्राईव्ह काढता येतो तेवढंच."

मग मला म्हणाला, मॅडम, हा घ्या, एकदम फास्ट आहे, आणि एक चमकणारं खोकं पुढे केलं. मी पत्रिका काढली. एम.२ तीन, त्यातला कुठला भरल्यावर सॅटा जातं? रॅम डी४, स्लॉट चार, पुढच्या टाईप-सीचं हेडर. तो दोन मिनिटं गप्प बसला, मोबाईलवर मॅन्युअल उघडलं, आतून दुसरं खोकं घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, मग तुम्हाला हा लागेल, याच्यात कुठलंच बंद होत नाही." मायक्रो-एटीएक्स, म्हणजे आकाराने छोटा, होता, माझ्या मोठ्या कॅबिनेटमध्ये सहज बसतो. जीएसटी धरून तेरा हजारांच्या आसपास. मॅडमची ताई झाले तेव्हाच कळलं की आता खरा भाव सांगेल.

पैसे द्यायच्या आधी खोकं उघडायला लावलं. दुकानात जाऊन घ्यायचं ते यासाठी. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, सतराशे, केसापेक्षा जरा जाड, आणि एक जरी वाकली तर वॉरंटीवाले हात वर करतात, की तुम्हीच वाकवली. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. सगळ्या पिना एकाच दिशेला झुकलेल्या चमकतात, भाताच्या रोपासारख्या, आणि एखादी वाकडी असेल तर तिथे चमक तुटते. आमची रांग अखंड होती. सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका, वॉरंटीला बोर्ड द्यायची वेळ आली तर ते लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बायोस. बी-७६० बोर्ड २०२३ च्या जानेवारीत आले, १४५०० आला २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे दुकानात जुना माल असेल तर बोर्डाला हा प्रोसेसर माहीतच नसतो, पंखा फिरतो आणि स्क्रीन काळी. म्हणून मी मागे बायोस फ्लॅशचं बटण असलेलाच घेतला. घरी आल्यावर कंपनीच्या साईटवरून फाईल घेतली, पेन ड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, मॅन्युअलमध्ये सांगितलंय ते नाव फाईलला दिलं, खूण केलेल्या यूएसबीत लावला, नुसती वीज जोडली, प्रोसेसर नाही, रॅम नाही, बटण दाबलं आणि छोटा दिवा लुकलुकायला लागला. सहा-सात मिनिटं. तेवढ्यात लाईट गेली तर बोर्ड दगड होऊ शकतो, म्हणून यूपीएसवर लावलेलं, तरी मी दिव्याकडे बघत बसले होते, पोळ्या करता करता आई विचारत होती, लागला का, लागला का. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या मोठ्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे खराब होण्याचा जो त्रास झाला त्यावरचा दुरुस्तीचा मायक्रोकोडही, ऑगस्ट २०२४ पासूनचा, बायोसमधूनच येतो, त्यामुळे प्रोसेसर कुठलाही असो, अपडेट पहिल्याच दिवशी करून टाकायचा.

जोडलं सगळं. तिन्ही डिस्क दिसल्या, दोन्ही एसएसडी दिसल्या, चारही काड्या, बत्तीस. मग उत्साहात त्याच शूटरचं हळदीचं फुटेज टाईमलाईनवर टाकलं, प्ले दाबलं.

अडकलं.

तसंच, जुन्यासारखंच. पोटात खड्डा पडला, एवढे पैसे घातले. दादा म्हणाला उद्या परत जाऊ. मी टास्क मॅनेजर उघडला तर ग्राफिक्सच्या जागी फक्त १६६० दिसतंय, इंटेलचं नावच नाही. आणि मग कळलं, बाहेरचं कार्ड लावलं की बरेच बोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यांना वाटतं याला आता काय गरज. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर असं एक सेटिंग होतं, माझ्या बोर्डात ते चार मेनू आत, ते एनेबल केलं, विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाकला, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली इंटेलच्या हार्डवेअर डीकोडिंगवर टिक केली. मॉनिटर १६६० लाच जोडलेला राहिला, त्याला हात लावावा लागला नाही.

परत प्ले. टास्क मॅनेजरमध्ये यूएचडी ७७० चा व्हिडिओ डीकोडचा आलेख एकदम वर गेला आणि तिथेच थांबला, आणि इकडे नवरीची आत्या तिच्या गालाला हळद लावत होती, हात उचलल्यापासून गालावर टेकेपर्यंत, एकही फ्रेम न अडकता. आई पोळपाट तसाच टाकून आली आणि म्हणाली, ही मुलगी छान आहे गं, कुठली?

कॅशेची तिसरी एसएसडी अजून घेतलेली नाही. सॅटाचं एक पोर्टही रिकामं आहे, त्यात एक डिस्क यायला हवी, परवा भाव बघितले आणि टॅब बंद केला.